शब्दाला जागणे

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत अंजूरच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. माझा एक भाचाही तेथे आला होता. पदवीपरीक्षा देऊन तो आता कोणत्याशा स्पर्धापरीक्षेच्या तयारीस लागला आहे. सकाळी ओटीवर बसून तो एक जाड वही समोर ठेवी व ओठ हलवीत काही घोकीत असे. दोन दिवस मी हे पाहिले. तिसऱ्या दिवशी वही मागून घेतली. पानाच्या डाव्या अंगास एक इंग्रजी शब्द, उजव्या अंगास त्याचा एकेका शब्दात अर्थ, अशा दोनच रकान्यांनी पानेच्या पाने भरलेली होती. शब्द सगळे भारदस्त. रोजच्या व्यवहारात ज्यांची गाठ क्वचितच पडावी असे. भाचा अभिमानाने म्हणाला, "मामा, रोज वीस शब्द पाठ करतो. वर्षाचे किती झाले सांगा!" मी हिशेब केला. सात हजार तीनशे झाले.

हा आकडा ऐकून मला कौतुक वाटावयास हवे होते, आणि ते वाटलेही. परंतु त्या कौतुकात एक जुनी टोचणी मिसळलेली होती. त्याच्या वयाचा असताना अशीच एक वही माझ्यापाशी होती; आणि त्या वहीतील एका शब्दाने मला जो धडा दिला, तो अद्याप विसरता आलेला नाही. तो प्रसंग पुढे सांगणारच आहे. त्यापूर्वी प्रश्न नीट मांडला पाहिजे. परक्या भाषेतील शब्दांचा मोठा साठा करणे ही विद्या आहे, की ते अंगावर घालावयाचे केवळ एक आभूषण आहे? आणि शब्द 'आपला झाला' असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो?

प्रथमच सांगितले पाहिजे की, ह्या हौसेची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी तीन पिढ्या नांदत आहे त्यांनी 'मोठे शब्द कशाला?' असे म्हणणे सोपे असते. भरल्या पोटी उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखेच ते आहे. आपल्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. तेव्हापासून आजतागायत वरिष्ठ न्यायालये, वैद्यक, शास्त्रे आणि मोठा व्यापार ह्यांच्या दारांना इंग्रजीचेच कुलूप आहे. ते चांगले की वाईट हा प्रश्न निराळा. परंतु कुलूप आहे तोवर चावी मिळविण्याची धडपड करणाऱ्यास हसणे शहाणपणाचे नव्हे. तर्खडकरांची भाषांतरपाठमाला पुढ्यात घेऊन कंदिलाच्या उजेडात वाक्ये घोकणाऱ्या मुलांतूनच महाराष्ट्राची कित्येक कर्ती माणसे निघाली.

शब्द मुखोद्गत करण्याची रीत तरी आपणांस कोठे नवी आहे? अमरकोश तोंडपाठ असल्यावाचून संस्कृताच्या विद्यार्थ्यास पूर्वी पुढचे पाऊल टाकता येत नसे. फरक इतकाच की, अमरसिंहाने शब्दांची मांडणी विषयवार केली: स्वर्गाचे शब्द एकीकडे, भूमीचे एकीकडे, वनस्पतींचे एकीकडे. शब्द हा आपल्या गणगोतासह लक्षात राहतो, हे त्या कोशकाराने ओळखले होते. आमच्या वह्यांतील शब्द मात्र धर्मशाळेतील प्रवाशांप्रमाणे शेजारी शेजारी निजतात आणि सकाळी एकमेकांची ओळख न होताच निघून जातात.

ते निघून जातात ही गोष्टही आता प्रयोगाने सिद्ध झालेली आहे. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, घोकलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच विस्मरणात जातो आणि उरलेला हळूहळू झिजतो. ह्यावर उपाय एकच. तो म्हणजे मध्ये अंतर सोडून केलेली उजळणी. आपल्या शाळांतून संध्याकाळी पाढ्यांची उजळणी चाले, तिच्यातील मर्म हेच होते. सात हजार तीनशे शब्दांचा जो हिशेब भाच्याने मांडला, त्यात ह्या गळतीची वजावट नव्हती.

पतंजलीच्या महाभाष्यात आरंभीच एक कथा आहे. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य आणि देवांची सहस्र वर्षे एवढा अध्ययनकाळ. तरीही एकेक शब्द सांगत गेल्याने शब्दांचा अंत लागला नाही. मग फार तर शंभर वर्षे जगणाऱ्या माणसाची काय कथा, असे विचारून भाष्यकार सांगतो की, एकेक शब्द पढण्याचा हा मार्गच नव्हे. सामान्य नियम आणि त्याचे अपवाद ह्यांच्या द्वारेच शब्दराशी हाती येतो. इंग्रजीच्या बाबतीत हे किती यथार्थ आहे पाहा. ज्या थोर ऑक्सफर्ड कोशाची कल्पना १८५७ सालीच लंडनच्या भाषाशास्त्र मंडळात निघाली, तो पूर्ण होण्यास १९२८ साल उजाडले, आणि त्यात चार लाखांहून अधिक शब्द भरले. ते पाठ करू म्हणणारा बृहस्पतीलाही मागे सारू पाहतो असेच म्हणावे लागेल.

सुदैवाने तशी गरजही नाही. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक ढाक्यास अध्यापन करीत असता बंगाली मुलांना इंग्रजी वाचन कसे सुलभ करावे ह्याच विवंचनेत होते. कोणते शब्द वारंवार येतात व कोणते क्वचित, ह्याचा शोध घेणाऱ्या विद्वानांत त्यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत सुमारे दोन हजार मूळ शब्द आहेत, आणि सामान्य इंग्रजी लेखनाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग तेवढ्या शब्दांनीच व्यापलेला असतो. न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन ह्यांनी २००६ साली असा हिशेब मांडला की, कोशाच्या साह्यावाचून इंग्रजी ग्रंथ वाचावयाचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुले अवगत असावीत. 'शब्दकुल' म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची लेकरेबाळे. तात्पर्य, आकडा आवाक्यातला आहे. परंतु तो कुळांचा आहे, सुट्या माणसांचा नव्हे.

आणि कुळांचा शोध घ्यावयाचा तर मराठी विद्यार्थ्याच्या घरातच एक ठेवा आहे, ज्याची त्यास बहुधा जाणीव नसते. सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या सगोत्रतेविषयी जे प्रतिपादन केले, त्याचा लाभ परीक्षेच्या वहीस का होऊ नये? दातांच्या वैद्यास इंग्रजीत 'डेंटिस्ट' म्हणतात, त्यात आपला दंत आहे. पायी चालणाऱ्यास 'पेडेस्ट्रियन' म्हणतात, त्यात आपले पद आहे. 'जेनरेट'मध्ये जन् हा धातू आहे, 'व्हिजन'मध्ये विद् आहे. 'इग्नरन्स' आणि 'अज्ञान' हे दोन शब्द तर अवयवाअवयवाने जुळतात. निषेधवाचक उपपद तेच आणि ज्ञा हा धातूही तोच. अशा रीतीने पाहिले म्हणजे शब्द परका राहत नाही. दूरदेशी गेलेल्या भाऊबंदाची भेट व्हावी तसे वाटते. नॉर्मन लुइस ह्यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ सालचे पुस्तक आजही आपल्या विद्यार्थ्यांच्या पिशवीत सापडते. त्याचीही रीत धातूंवरून शब्दाकडे जाण्याचीच आहे. मात्र केवळ रूपसादृश्यावर विसंबणे धोक्याचे. लॅटिन 'देउस' हा आपल्या देवाचा खरा सगोत्र आहे. ग्रीक 'थिऑस' कानास तसाच वाटतो, पण त्याचे कूळ निराळे. चेहरा मिळाला म्हणून नाते ठरत नाही.

येथवर पद्धतीचा विचार झाला. पद्धत चुकली तर वेळ फुकट जातो, ह्यापलीकडे विशेष हानी नाही. परंतु त्या दोन रकान्यांच्या वहीत एक दुसरा दोष असतो, आणि तो नीतीच्या प्रांतात शिरतो. वही सांगते, 'ह्या शब्दाचा अर्थ तो शब्द.' मराठीतील साधे उदाहरण घ्या. बारीक, सडपातळ, किडकिडीत, काटकुळा हे सगळे कोशात शेजारी बसतील; परंतु मुलगी पाहून आलेल्या मनुष्याने 'किडकिडीत आहे' म्हटले तर लग्न मोडेल आणि 'सडपातळ आहे' म्हटले तर जुळेल. आपल्या भाषेत हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. परक्या भाषेत मात्र ते कोणी शिकवीत नाही आणि आपणही विचारीत नाही. शब्द ओळखीचा वाटला की तो समजला असे धरून चालतो.

आता तो प्रसंग सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नुकताच एम.ए. होऊन मी घरी आलो होतो. भिवंडीच्या आसपास त्या काळी गोदामे उठू लागली होती. मुंबईच्या जकातीची हद्द चुकवून माल उतरविण्यास ही गावे सोयीची, म्हणून अंजूरफाटा, मानकोली, काल्हेर ह्या बाजूच्या भातजमिनींना एकाएकी गिऱ्हाइके येऊ लागली. आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत. आम्ही मुले त्यांस काका म्हणत असू. एके दिवशी ते इंग्रजीत टंकलिखित केलेले एक कुलमुखत्यारपत्र घेऊन आले व म्हणाले, "तू यवरा शिकलास, वाचून सांग ह्यान काय लिवलंय."

मी वाचले. त्यात 'इर्रेव्होकेबल' हा शब्द होता. तो माझ्या वहीत होता! इतक्या दिवसांनी तो प्रत्यक्ष भेटला ह्याचाच मला प्रथम आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. काकांनी नेमके त्याच शब्दावर बोट ठेवून विचारले. शब्द मोठ्या अक्षरांत होता म्हणून त्यांचे लक्ष गेले असावे. माझ्या वहीतील उजव्या रकान्यात जे होते तेच मी सांगितले. म्हटले, "काका, म्हणजे पक्के." त्यांना समाधान वाटले. व्यवहार पक्का असावा असेच त्यांच्याही मनात होते. थोडी रक्कम हाती घेऊन त्यांनी सही केली.

पुढे दोन-तीन वर्षे घेणाऱ्याने बाकीची रक्कम लांबणीवर टाकली. मधल्या काळात जमिनीचे भाव कितीतरी चढले. काकांनी कागद रद्द करावयाचे ठरविले, तेव्हा वकिलाने त्यांना तोच शब्द दाखविला. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या २०२ व्या कलमात तत्त्व असे आहे की, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध ज्या वस्तूत गुंतला असेल, त्या बाबतीत त्याच्या हितास बाध येईल अशा रीतीने मुखत्यारी काढून घेता येत नाही. तो कागद ह्याच आधारावर बेतलेला होता. अखेर जमीन जुन्या भावानेच गेली. काका मला बोलले नाहीत, रागावले नाहीत. एकदा ओटीवर बसले असता इतकेच म्हणाले, "पक्का म्हंजे यवरा पक्का, ते ठावं नव्हतं."

कोणी म्हणेल, ह्यात तुमचा अपराध काय? तुम्ही वकील नव्हता. सांगितलेला अर्थही खोटा नव्हता. ह्या युक्तिवादाने मी स्वतःची समजूत घालण्याचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. पण तो टिकत नाही. 'हा शब्द मी वाचला आहे, पण ह्याने काय बांधले जाते ते मला ठाऊक नाही. वकिलास विचारा,' एवढे एक वाक्य मी बोललो असतो तर काका वाचते. ते वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही, कारण निघाले असते तर माझ्या एम.ए.ची शोभा गेली असती. अज्ञान हा अपराध नव्हे. अज्ञानावर घातलेले ज्ञानाचे पांघरूण हा अपराध होय. आणि मोठ्या शब्दांचा साठा हे त्या पांघरुणाचे सर्वांत सोयीचे कापड आहे.

पुष्कळ वर्षांनी त्या शब्दाची व्युत्पत्ती पाहिली. लॅटिनमध्ये 'व्होकारे' म्हणजे बोलावणे, हाक मारणे. त्यास 'रे' लागले की परत बोलावणे. त्यापुढे निषेध आला की जे परत बोलावता येत नाही ते. त्या 'व्होकारे'च्या मुळाशी जो धातू आहे तो आपलाच वच्, ज्यापासून वाक् झाली. 'व्होकॅब्युलरी' हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे मी ज्या वस्तूचा संग्रह करीत होतो तिच्या नावात आणि ज्या शब्दाने काकांची जमीन बांधली त्यात एकच वाणी होती. 'तोंडातून गेलेला शब्द परत बोलावता येत नाही' एवढे साधे मराठी वाक्य मी काकांना सांगितले असते, तर त्यांस नक्की समजले असते. मला इंग्रजी शब्द येत होता; त्याची मराठी येत नव्हती. म्हणजेच तो शब्द मला येत नव्हता.

ह्यावरून माझे मत असे बनले आहे की, शब्द येणे ह्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, शब्द दिसला असता ओळखणे. दुसरी, त्याचा प्रतिशब्द सांगता येणे. तिसरी, तो शब्द उच्चारला असता जगात काय घडते, कोणाचे काय जाते व कोणास काय मिळते, हे जाणणे आणि त्याची जबाबदारी घेणे. परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांची होते. आयुष्य तिसरीची परीक्षा घेते. आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले आहे. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्द मोडतो, शब्दाला जागतो. शब्द म्हणजे वचन हे समीकरण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजी शब्द वापरताना हे समीकरण विसरण्याची आपणांस मुभा मिळते असे का वाटावे?

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. 'मग कठीण शब्द शिकूच नयेत काय? सोप्या शब्दांनी भागवावे?' सी. के. ऑग्डेन ह्यांनी १९३० साली साडेआठशे शब्दांची एक 'बेसिक इंग्लिश' रचून पाहिली होती. परंतु कायदा, वैद्यक, तत्त्वज्ञान ह्यांचे सूक्ष्म भेद इतक्या तोकड्या वस्त्रात झाकत नाहीत. शिवाय माझ्या प्रसंगाचा निष्कर्ष उलटाच आहे. काकांची जमीन कठीण शब्द शिकल्यामुळे गेली नाही. तो अर्धवट शिकल्यामुळे गेली. ज्यांच्या हाती असे कागद येतात त्यांच्या घरात तो शब्द पुरता जाणणारा कोणीतरी असलाच पाहिजे. म्हणून माझ्या भाच्याने शब्द शिकावेत, पुष्कळ शिकावेत, असेच मी म्हणेन. आता तर संगणकही क्षणार्धात भारदस्त इंग्रजी लिहून देऊ लागला आहे. तेव्हा मोठ्या शब्दांनी छाप पाडण्याची किंमत दिवसेंदिवस उतरत जाणार, आणि त्या शब्दांस जामीन राहू शकणाऱ्या माणसाची किंमत चढत जाणार, हे उघड आहे.

आमच्या अंजूरसच ह्याचा एक दाखला आहे. चिमाजीअप्पांनी १७३७ साली सुरू केलेल्या मोहिमेस ह्याच गावच्या गंगाजी नाईकांनी मोठे साहाय्य केले. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि ह्या प्रांतातील पोर्तुगिजांची सत्ता गेली. सत्ता गेली, पण त्यांचे शब्द राहिले. चावी, पगार, पाव, बटाटा, बादली, पिंप, घमेले, बिजागरी, तुरुंग ही सारी त्यांचीच देणगी. हे शब्द कोणी वहीत लिहून पाठ केले नव्हते. चावीने कुलूप उघडले, पगाराने चूल पेटली, घमेल्याने माती वाहिली. कामाबरोबर शब्द घरात आला आणि घरचाच झाला. ज्या गोदामांनी आज आमच्या शेतांची जागा घेतली आहे, त्या 'गोदाम' शब्दाचा प्रवास तर नवलाचा आहे. दक्षिण हिंदुस्थानातून तो मलायात गेला असावा असे कोशकार मानतात. तेथून पोर्तुगिजांच्या व पुढे इंग्रजांच्या तोंडी बसला. काकांना इंग्रजी येत नव्हते, पण गोदाम म्हणजे काय ते त्यांना माझ्याहून अधिक कळत होते.

भाच्याची वही मी परत दिली. पाठ करणे सोड असे त्यास सांगितले नाही. इतकेच सांगितले की, रोज वीसांऐवजी पाच शब्द घे आणि दोन रकान्यांऐवजी चार आख. तिसऱ्यात शब्दाचे कूळ लिही. चौथ्यात तो शब्द ज्यास इंग्रजी येत नाही अशा मनुष्यास, आजीस किंवा शेजाऱ्यास, मराठीत समजावून सांग, आणि त्यास समजला तरच तेथे खूण कर. तो हसून म्हणाला, "मामा, मग वर्षात दोन हजारसुद्धा होणार नाहीत." मी म्हटले, न होवोत. एक जरी शब्द यथार्थ जाणला व नीट वापरला तरी तो इहपरलोकी कामधेनू होतो, असे पतंजलीने म्हणून ठेवले आहे. परलोकाचे मला सांगता येत नाही. इहलोकापुरती त्या म्हणण्याची सत्यता मला पटली आहे, आणि ती पटविण्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याने भरली.

संध्याकाळी पाहिले, तो ओटीवर आजीपाशी बसून एका शब्दाचा अर्थ सांगत होता. आजी पुन्हा पुन्हा मान हलवून म्हणत होती, "नाही समजलं रे, परत सांग." त्याच्या चौथ्या रकान्यात अजून खूण झालेली नव्हती.